वाचकांचे प्रश्न : ज्याला चुंबक वळवत नाही, त्याचा झोत कसा करायचा?

प्रश्न : मॅडम, न्यूट्रिनो या सूक्ष्म कणाला विद्युतभार नसतो, त्यामुळे चुंबकाने तो वळत नाही, असं आम्ही शिकलो. मग अमेरिकेतल्या फर्मीलॅबमधून १,३०० किलोमीटरवरच्या खाणीवर त्याचा नेम कसा धरणार? आणि जास्त न्यूट्रिनो हवे असतील तर जास्त प्रोटॉन सोडायचे. त्यात डिझाइन कसलं?
– एस. वाय. बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : नेम न्यूट्रिनोचा धरत नाहीत, त्याला जन्म देणाऱ्या पायॉन नावाच्या अल्पायुषी कणाचा धरतात.

प्रोटॉन ग्राफाइटच्या लांब सळईवर आदळले की त्यातून पायॉन चहूकडे उधळतात. त्यांना भार असतो, म्हणून ते वळवता येतात. त्यांना सरळ करून १९४ मीटर लांबीच्या नळीत सोडायचं. तिथे उडता उडता ते फुटतात आणि त्यांच्यातून निघालेला न्यूट्रिनो साधारण त्याच दिशेने पुढे जातो. ही नळी जमिनीत जवळजवळ ६ अंशांनी खाली झुकवलेली असते. तू म्हणतेस ती खाण म्हणजे साउथ डकोटातल्या लीड गावची जुनी सोन्याची खाण. फर्मीलॅबपासून ती पुणे–दिल्ली हवाई अंतरापेक्षाही लांब आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे तिथवरची सरळ रेषा मध्यावर ३० किलोमीटरहून खोल जाते.

पायॉन सरळ करणाऱ्या यंत्राला 'हॉर्न' म्हणतात. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेतल्या सायमन व्हॅन डर मीर यांनी ते १९६१ साली सुचवलं. वर्गात फळ्यावर ते मला कधीच नीट समजावता येईना, म्हणून एका वर्षी मी कसब्यातल्या तांबट आळीत त्याचा नमुना ठोकून घेतला. बाहेर सरळ नळकांडं, आत डमरूच्या आकाराचं. कारागिराने विचारलं, "बाई, आतलं मध्ये एवढं आवळायचं कशाला?" खरं मर्म तिथेच आहे. वीज आतल्या पत्र्यातून जाते आणि बाहेरच्यातून परत येते. चुंबकक्षेत्र फक्त त्या दोघांच्या मधल्या जागेत असतं. अक्षालगतचा पायॉन डमरूच्या कमरेतून न वळता निघून जातो, तर लांब भरकटलेल्याला क्षेत्रातून जास्त वाट कापावी लागते आणि तेवढाच जास्त आत रेटा मिळतो. खरे हॉर्न ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांत दर ठोक्याला सुमारे ३ लाख अँपिअर वीज सोडतात. आतला पत्रा जाड केला तर तोच पायॉन गिळतो, फार पातळ केला तर त्या ठोक्यांनी थकून चिरतो.

आता तुझा दुसरा प्रश्न. तो मला जास्त आवडला, कारण संख्या वाढली की काम झालं असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. न्यूट्रिनोच्या तीन जाती असतात आणि वाटेत त्या बदलतात. आपला झोत म्यूऑन जातीचा. १,३०० किलोमीटरवर म्यूऑन जातीच्या न्यूट्रिनोचं इलेक्ट्रॉन जातीत रूपांतर सर्वांत ठळक दिसतं ते २.५ जीइव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेच्या आसपास. न्यूट्रिनो पायॉनच्या ऊर्जेचा जास्तीत जास्त ४३ टक्के वाटा उचलतो, म्हणजे ६ जीइव्हीचे पायॉन पकडायला हवेत. फार जास्त ऊर्जेचे न्यूट्रिनो नुसते निरुपयोगी नाहीत, ते घातक आहेत. त्यांच्या काही टकरा खाणीतल्या शोधकात, म्हणजे न्यूट्रिनो टिपणाऱ्या यंत्रात, इलेक्ट्रॉन जातीच्या न्यूट्रिनोच्या टकरींसारख्याच दिसतात. नळी आणखी लांब केली तर पायॉन जास्त फुटतील हे खरं, पण त्यांतून न्यूट्रिनोसोबत निघालेले म्यूऑन नावाचे कणही फुटून झोतात आधीच इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो मिसळतील. शोधायचं तेच आपण आधी मिसळून बसलो, तर काय मोजणार?

म्हणून हाच झोत वापरणाऱ्या ड्यून या प्रयोगाच्या लोकांनी सळईची लांबी, हॉर्नचे आकार, त्यांतली अंतरं अशी कितीतरी मापं संगणकाला दिली. यादृच्छिक आराखड्यांतून चांगले निवडायचे, त्यांच्या मापांची सरमिसळ करून पुढची पिढी काढायची, असं पुन्हा पुन्हा केलं. याला जेनेटिक अल्गोरिदम म्हणतात. 'चांगला' ठरवताना न्यूट्रिनोंची संख्या धरली नाही. न्यूट्रिनो आणि त्याचा प्रतिकण प्रतिन्यूट्रिनो यांच्या वागण्यातला फरक किती खात्रीने पकडता येईल, ही कसोटी लावली. त्यातून दोनाऐवजी तीन हॉर्नची रचना पुढे आली.

आणि प्रतिन्यूट्रिनो हवे असतील तेव्हा? हॉर्नमधली वीज उलट्या दिशेने सोडायची. मग आधी बाहेर फेकले जाणारे ऋणभारित पायॉन सरळ होतात आणि त्यांच्यातून प्रतिन्यूट्रिनो निघतात, बाकी सगळं जिथल्या तिथे.