खापर आधी बघ, मांडा नंतर खा

अमळनेर,
कार्तिक वद्य पंचमी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पाठीवर सॅक, हाताशी बारा दिवस, आणि खान्देशात रात्रीचे बाजार कुठे भरतात, हस्तकला कुठे मिळते, काय खावं, असे तीन प्रश्न. तू ते वेगवेगळे विचारलेस. मी चाळीस वर्षं चित्रकला शिकवली आणि सुट्ट्यांत हाच मुलूख हिंडलो. मला ते तिन्ही एकच वाटतात. इथली कारागिरी दुकानाच्या काचेत सापडणार नाही, ती चुलीपाशी सापडेल. समोर ताट आलं की पदार्थाचं नाव विचारशीलच, पण तो कशावर भाजला, कशात ठेचला आणि ते भांडं कोणी घडवलं, हेही विचार.

खापराचे मांडे घे. पुरण भरलेला गोळा बाई हातांवर झेलत झेलत वाढवते, चांगला परातीएवढा करते, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकते. सगळे तिच्या हातांकडे बघतात. तू खापराकडेही बघ. त्याचा फुगवटा सारखा नसेल तर मांडा एकीकडे करपतो आणि दुसरीकडे कच्चा राहतो. म्हणजे त्या मांड्यात कुंभाराचा हात आधी लागलेला असतो. मांडे करणाऱ्या बाईला खापर कुठून आणलं ते विचार, पत्ता मिळेल. तिथे जा आणि चाक फिरताना निदान तासभर बस. एवढं एक केलंस तरी तुझा प्रवास सार्थकी लागला असं मी म्हणेन.

थंडीत येते आहेस हे फार चांगलं. हे दिवस भरताचे. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची चव कळते ती शेतात. जळगावजवळच्या असोद्याकडे किंवा यावल तालुक्यात बामणोदकडे जा. मोठी, हिरवट, पातळ सालीची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात, लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या आणि लसणासोबत ठेचतात, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळलेल्या पिठाची. हॉटेलात गॅसवर भाजलेलं भरीतही मिळेल, त्यात धुराचा वास नसतो. शेतातल्या भरताचं आमंत्रण आलं तर संकोच करू नकोस. इथे जेवायला बोलावतात ते मनापासून.

शेवभाजी तुला प्रत्येक ढाब्यावर भेटेल, त्यावर वेगळं लिहीत नाही. एकच बघ, शेव रश्श्यात आधीच पडून लगदा झालेली नको, वाढताना पडायला हवी.

आता रात्रीचं. आमच्याकडे रोजचा रात्रबाजार नाही, इथली रात्र जागते ती यात्रेत. त्यामुळे बेत पंचांग बघून ठरव. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांच्या बाजारासाठी ती नावाजलेली. सुरत-भुसावळ मार्गावर दोंडाईचाला उतर, तिथून शहाद्याकडे जाणारी एसटी धर. घोडे दिवसा बघ. संध्याकाळी दिवे लागले की साज विकणाऱ्यांकडे जा. लगाम, खोगीर, घुंगरांचे पट्टे, लोकरीचे गोंडे. गर्दी असते पाळण्यांकडे आणि गरम जिलबीच्या कढईकडे, साजवाला त्या मानाने मोकळा असतो आणि दोन गोष्टी सांगतो. मुक्काम मात्र दोंडाईचा किंवा शहाद्याला आधीच ठरव. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे उतरल्याबरोबर विचारून घे. दुपारीच एखाद्या दुकानदार मावशीशी ओळख कर, रात्रीच्या गर्दीत ती ओळख कामाला येते.

सातपुड्यातला बाजार बघायचा तर फाल्गुनात पुन्हा यावं लागेल. होळीच्या आधी धडगावकडे भोंगऱ्या बाजार भरतात. पावरा आणि भिल्ल कुटुंबं पाड्यापाड्यांतून ढोल घेऊन उतरतात. तिथली माझी एक चूक सांगतो. चांदीचे दागिने घातलेल्या एका आजीबाईंचा मी न विचारता फोटो काढला. त्या काही बोलल्या नाहीत, टोपली उचलली आणि दुसरीकडे जाऊन बसल्या. त्यांचा धंदा माझ्यामुळे मोडला. त्यानंतर मी कॅमेरा पिशवीतच ठेवत आलो. आधी बस, बोल, काहीतरी विकत घे, मग विचार. नाही म्हणाल्या तर तिथेच थांब.

बांबूच्या कामात घासाघीस करू नकोस, ही माझी कळकळीची विनंती. बांबू आणायचा, चिरायचा, कामट्या तासायच्या आणि मग सूप विणायचं. हे सगळं बघितल्यावर दहा रुपये कमी करायला तुझी जीभ वळणार नाही. 1936 साली फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा गांधीजींनी नंदलाल बोस यांना बोलावलं होतं. त्यांनी बांबू आणि गावात मिळणाऱ्याच वस्तूंनी ते नगर सजवलं. वर्गात मी हे दर वर्षी सांगायचो. एवढ्या मोठ्या चित्रकाराला आमच्या मुलखातला बांबू पुरला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

भाषेचं भिऊ नकोस. धुळ्याकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, डोंगरात पावरी नि भिली. ‘हाई काय शे?’ एवढं अहिराणी पाठ कर, समोरचा माणूस हसून पुढचं सगळं सांगतो.

घरी न्यायला ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवलेले पापड, घे. हलके असतात, सॅकमध्ये कपड्यांच्या घडीत मावतात. खापर घ्यायचा मोह होईल, पण ते एसटीत टिकत नाही. मी दोन फोडली आहेत.

कुंभाराकडे गेलीस तर माझं एक काम कर. खापराची जाडी मध्यभागी किती ठेवतात आणि कडेला किती, हे त्यांना विचारून वहीत लिहून घे. मला एकदा सांगितलं होतं, मी लिहून ठेवलं नाही, आणि सांगणारे आता राहिले नाहीत.

तुझा,
सर