कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कमधून हायवे १९० नं आई-वडिलांना घेऊन एका दिवसात जाता येईल का?

येईल. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय, 'गाडी ऑटोमॅटिक आहे, घाटाचं टेन्शन नाही'. या एका वाक्यापायी लिहायला बसलोय.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर. ३१ वर्षं, त्यातली निम्मी आंबा घाटात. डिसेंबरात ते आमच्याकडे कॅलिफोर्नियात आले, तेव्हा साडूच्या गाडीतून पश्चिमेच्या ओलांचा गावाकडून डेथ व्हॅलीला निघालो. स्टिअरिंगवर साडू. पॅनामिंट व्हॅली ओलांडली की टाउन पास ही खिंड लागते, उंची सुमारे १५०० मीटर. तिथून स्टोव्हपाइप वेल्सपर्यंत २७-२८ किलोमीटरात रस्ता थेट समुद्रसपाटीला येतो. आपल्या घाटासारखी वळणं नाहीत, समोर सगळं उघडं, त्यामुळे उतार डोळ्यांना कळतच नाही. बाबांना मागच्या सीटवर कळला. "गिअर खाली घ्या, गाडी इंजिनावर धरा," दोनदा म्हणाले. साडू हसला. "काका, हा लाल डबा नाही, ऑटोमॅटिक आहे."

पुढे सतत ब्रेक दाबून जळका वास. मग ब्रेकचं पेडल मऊ पडलं. कशीबशी कडेला घेतली, तर पुढच्या चाकातून धूर. साडू पाण्याची बाटली घेऊन धावला, बाबांनी हात धरला. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचं नसतं. पाऊण तास थांबलो. बाबा लांबच्या वाळूच्या टेकड्या बघत बसले, एक शब्द बोलले नाहीत. मग गिअरचा दांडा एल वर, म्हणजे लो गिअरमध्ये टाकून उरलेला उतार उतरलो. ना वास, ना धूर. साडू आजही चारचौघांत सांगतो, ब्रेकचे पॅड जुने होते म्हणून झालं.

तुमचं विचाराल तर: झाब्रिस्की पॉइंट ही बघण्याची जागा १९० वरच आहे. बॅडवॉटरला, म्हणजे समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, फर्नेस क्रीकजवळून दक्षिणेला वळावं लागतं. एका दिवसात दोन्ही होतं. डांटेज व्ह्यू या डोंगरावरच्या पॉइंटलाही गाडी वरपर्यंत जाते, पण उतरताना वर लिहिलंय तेच करा, लो गिअर. टाकी आधी भरा, आत पेट्रोल महाग. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, रेंज बहुतेक नसते.

उन्हाळ्यात म्हाताऱ्यांना नेऊ नका हे राहिलंच. १९१३ साली फर्नेस क्रीकला ५६.७ अंश नोंदलेत. निघण्याआधी रस्ता चालू आहे का बघा, ऑगस्ट २०२३ च्या पावसानंतर पार्क जवळपास दोन महिने बंद होतं. गाडी इलेक्ट्रिक असेल तर ब्रेकची गोष्ट थोडी वेगळी.

आणि साडू हे वाचत असेल तर, एल वर उतरलो तेव्हाही पॅड तेच होते.