वखारीतून सिनेटात

प्रश्न : शाहूपुरीत आमची लाकडाची वखार आहे. आमच्या धंद्यातून मोठा पुढारी झालेला जुन्या काळातला कुणी आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आहे की! अमेरिकेतले फिलेटस सॉयर. जन्म १८१६, व्हर्माँट. १८४७ मध्ये ते विस्कॉन्सिन राज्यात आले आणि ऑशकॉश गावी लाकूड कापायच्या गिरणीचे मालक म्हणून नावारूपाला आले. पाइनचे ओंडके वुल्फ नदीतून वाहत यायचे, गावात भुसाच भुसा. माझे वडील वखारीत मुनीम होते. संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याच्या शिवणीतून सागाचा भुसा झडायचा, म्हणून हे गाव मला जवळचं वाटतं.

१८६३ मध्ये सॉयर ऑशकॉशचे महापौर झाले, मग दहा वर्षं अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात, आणि १८८१ ते १८९३ तिच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटात. पण १८९१ चं प्रकरण नक्की वाचा. राज्याच्या माजी खजिनदारांवर सरकारी पैशाच्या व्याजावरून खटले चालू होते आणि त्यांना सॉयर जामीन होते. खटल्याचे न्यायाधीश हे वकील रॉबर्ट ला फॉलेट यांचे मेहुणे होते. सॉयरनी आपल्याला लाच देऊ केली, असं ला फॉलेटनी जाहीर केलं. सॉयर म्हणाले, ती वकिलाची फी होती. मला विचाराल तर न्यायाधीशाच्या मेहुण्याकडे पैसे घेऊन जाणंच गैर. पुढे ला फॉलेट त्याच राज्याचे गव्हर्नर झाले.