'बॉम्बवर्षाव' की 'बॉम्बफेक'?

प्रश्न : '१९ जानेवारी १९१५ च्या रात्री जर्मन हवाई जहाजांनी इंग्लंडमधील ग्रेट यार्मथवर बॉम्बवर्षाव केला.' हे वाक्य बरोबर आहे का?

व्याकरण ठीक आहे, पण दोन शब्द वाचकाला चकवतात.

आधी 'हवाई जहाज'. हिंदीमुळे आपल्या डोळ्यांपुढे पंखांचं विमान येतं. त्या रात्री आली होती ती झेपेलिनं : सुमारे १५८ मीटर लांब, पोटात हायड्रोजनच्या पिशव्या, पंख नाहीत. तेव्हा सरळ 'झेपेलिन' लिहावं. हा फरक नुसता शब्दाचा नाही. २४ डिसेंबर १९१४ ला डोव्हरवर बॉम्ब टाकून गेलं ते खरंखुरं विमान होतं. दोन्हींना 'हवाई जहाज' म्हटलं, तर यार्मथच्या रात्रीचं वेगळेपणच पुसलं जातं.

'वर्षाव' तर फारच झाला. त्या रात्रीच्या दोन झेपेलिनांपैकी एल-३ यार्मथवर आलं. एल-४ शेरिंगहॅमवरून किंग्ज लिनला गेलं. यार्मथमध्ये दोघं आणि लिनमध्ये दोघं दगावले, १६ जण जखमी झाले. दोन झेपेलिनांनी इतक्या गावांत मिळून टाकलेल्या मोजक्या बॉम्बना वर्षाव म्हटलं, तर दुसऱ्या महायुद्धात रात्रीमागून रात्री बॉम्ब झेलणाऱ्या १९४० च्या लंडनसाठी काय उरेल?

'बॉम्बफेक' चालेल, कारण तो शब्द आता रुळला आहे. पण तो दगडफेकीच्या वळणाचा, त्यात हाताचा जोर ऐकू येतो. इथे बॉम्ब खाली टांगलेला असतो आणि सोडला जातो. पुढे जातो तो वाहनाच्याच गतीनं. ताशी ८० किलोमीटर वेगानं, १५०० मीटरवरून सोडला तर खाली यायला १७-१८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात, हवेचा अडथळा सोडला तर, तो जवळजवळ ३९० मीटर पुढे सरकतो. म्हणून क्रियापद म्हणून मला 'टाकले' बरं वाटतं. 'पाडले' मात्र नको : 'विमान पाडलं' म्हणजे शत्रूनं मारून खाली आणलं. या दोन्ही झेपेलिनांबाबत तर ते लिहूच नये. १७ फेब्रुवारी १९१५ ला ती डेन्मार्कच्या किनाऱ्यावर गेली ती वादळामुळे, कुणी पाडली नाहीत.

याच गावाचा आणखी एक घोळ होतो. ३ नोव्हेंबर १९१४ ला जर्मन युद्धनौका यार्मथवर चालून आल्या होत्या. त्यांचे बहुतेक गोळे किनाऱ्यावर आणि समुद्रातच पडले. तिथे 'गोळाबारी' किंवा 'तोफमारा' म्हणायचं. तोफेतून सुटतो तो गोळा, वरून सोडला जातो तो बॉम्ब. जुन्या लिखाणात 'बॉम्बगोळे' दोन्हींना सर्रास वापरलेला दिसतो; अशा वेळी आधी तारीख पाहावी, मगच शब्द निवडावा.

वाक्य असं करता येईल : 'जर्मन झेपेलिनांनी ग्रेट यार्मथ आणि किंग्ज लिनवर बॉम्ब टाकले.' मथळ्याला आटोपशीर शब्द हवा असेल, तर 'झेपेलिन हल्ला'.