डॉसमध्ये ‘टाइप *.टीएक्सटी’ का चालत नाही?

डॉस (पीसीची जुनी, कमांड टाइप करून चालवायची ऑपरेटिंग सिस्टिम) ३.३ मध्ये फाइलींची यादी दाखवणारं डीआयआर, कॉपी आणि फाइली पुसणारं डेल यांना * (म्हणजे ‘कुठलीही अक्षरं’) चालतो; मग फाइल पडद्यावर दाखवणाऱ्या टाइपला आणि सी मध्ये लिहिलेल्या तुमच्या प्रोग्रॅमला का नाही, असं तुम्ही विचारलंय. कारण साधं आहे: कमांड.कॉम (तुमच्या कमांड वाचून चालवणारा डॉसचा प्रोग्रॅम) * उलगडतच नाही, म्हणजे त्याच्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावं भरत नाही. ओळ जशीच्या तशी प्रोग्रॅमला देतं, फाइली ज्याच्या त्याने शोधायच्या. टाइप ते कष्ट घेत नाही. युनिक्समध्ये नावं आयती मिळतात (तिथेही सुरुवातीला शेल, म्हणजे तिथला कमांड वाचणारा प्रोग्रॅम, हे काम ग्लॉब नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमकडून करून घ्यायचं). डॉसमध्ये तसं केलं तरी जागा कुठे आहे? प्रोग्रॅमला मिळणाऱ्या ओळीला १२८ बाइट, त्यातला एक लांबीचा, एक शेवटच्या कॅरेज रिटर्नचा (एंटरच्या खुणेचा). आठ-अधिक-तीन अक्षरांची जेमतेम नऊ नावं मावतील.

नुसतं वाचायचं असेल तर ‘कॉपी *.टीएक्सटी कॉन’ (कॉन म्हणजे इथे पडदा) पुरेसं आहे. बाकी कुठल्याही कमांडसाठी:

फॉर %एफ इन (*.टीएक्सटी) डू टाइप %एफ

बॅच फाइलमध्ये (कमांड लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये) % दोनदा लिहा. एका फॉरमध्ये दुसरा फॉर चालत नाही. लूपमध्ये त्याच नमुन्यात बसणाऱ्या नव्या फाइली बनवू नका, फॉरला त्याही सापडू शकतात.

कॉपीने फाइली जोडताना नव्या फाइलचं एक्स्टेन्शन वेगळं ठेवा, नाहीतर तीही जोडायच्या फाइलींत धरली जाऊ शकते. बायनरी फाइली असतील तर /बी द्या. नाहीतर पहिल्या कंट्रोल-झेडपाशी (मजकूर संपल्याच्या खुणेपाशी) वाचन थांबतं.

तुमच्या प्रोग्रॅमसाठी सोपा मार्ग म्हणजे टर्बो सी असेल तर वाइल्डआर्ग्ज.ओबीजे, मायक्रोसॉफ्ट सी असेल तर सेटआर्गव्ही.ओबीजे लिंक करणं. मग आर्गव्हीमध्ये (सी प्रोग्रॅमला मिळणाऱ्या शब्दांच्या यादीत) उलगडलेली नावं येतात. असेंब्लीत इंटरप्ट २१एच ची (डॉसकडून कामं करून घ्यायची) फंक्शन्स वापरा: ४ई ने पहिली फाइल, ४एफ ने पुढच्या, कॅरी फ्लॅग (आणखी फाइल नसल्याची प्रोसेसरमधली खूण) लागेपर्यंत. इथे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. शोधाचा निकाल डीटीए नावाच्या मेमरीतल्या जागेत येतो आणि डीटीए मुळात पीएसपीच्या (डॉस प्रत्येक प्रोग्रॅमपुढे ठेवतं त्या माहितीच्या भागाच्या) ८०एच वर असतो, म्हणजे नेमका तुमच्या कमांड ओळीवर. पहिल्याच शोधात ती पुसली जाते. म्हणून आधी फंक्शन १ए ने डीटीए स्वतःच्या ४३ बाइटच्या बफरवर न्या. नाव त्यात १ई एच पासून सुरू होतं.

आणि डेल वापरताना जपून. डॉस * म्हणजे ‘इथून पुढे सगळे ?’ असं धरतं, त्यानंतरची टिंबापर्यंतची अक्षरं सोडून देतं (? म्हणजे कुठलंही एक अक्षर). ‘डेल *ए.टीएक्सटी’ म्हणजे ‘डेल *.टीएक्सटी’च, आणि खात्रीचा प्रश्न *.* सारख्या सगळ्याच फाइली पुसणाऱ्या कमांडला येतो, याला नाही. आधी तोच नमुना डीआयआरला देऊन बघा.