पतंग चादरीवर येत नसतील तर आधी दिवा बदला

तुमची अडचण अशी, की नागपूरच्या आपल्या लेआउटमधल्या (वसाहतीतल्या) चिमुकल्यांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांना बोलावून दिव्यावर येणारे पतंग बघायची रात्र ठेवली, पांढरी चादर टांगली, १२ वॅटचा एलईडी लावला, आणि दोन तासांत मोजून सहा किडे आले. त्यात पौर्णिमा, आणि चादर रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाखाली.

पौर्णिमा आणि खांब नडलेच, पण मुख्य चूक दिव्याची. घरगुती पांढऱ्या एलईडीतून अतिनील प्रकाश जवळपास निघतच नाही, आणि पतंग येतात ते मुख्यतः त्याच्याच ओढीने. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील एलईडी घ्या. बाजारात जांभळा दिसणारा स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ चा असतो, तो कमी पडतो. १६० वॅटचा चोक न लागणारा मर्क्युरी बल्ब सर्वांत जास्त पतंग खेचतो, पण तो भयंकर तापतो. पावसाचा एक थेंब पडला तरी काच तडकू शकते, आणि बाहेरची काच फुटलेला बल्ब डोळ्यांना घातक असतो. वीज गेली तर पुन्हा पेटायला काही मिनिटं लागतात ते वेगळंच. मुलं असतील तर पॉवर बँकवर चालणारा एलईडीच बरा. ओल्या गवतात एक्स्टेन्शन बोर्ड नको. अतिनील दिवा कोणताही असो, त्याच्याकडे टक लावून बघू द्यायचं नाही.

तारीख कॅलेंडरवर तिथी बघून ठरवा. वद्य षष्ठीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतचे दिवस चांगले, कारण संध्याकाळचे कामाचे तास अंधारात मिळतात. जुलै ते सप्टेंबर, दिवसा सर येऊन गेलेली, हवा दमट आणि वारा पडलेला अशी रात्र साधा. साडेसात ते दहा पुरे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह असतो, नोंदी त्यात धरल्या तर मुलांना मजा वाटते. गोरेवाडा किंवा अंबाझरीच्या वनक्षेत्रात रात्री परवानगीशिवाय जाऊ नका. लेआउटच्या कडेचा झाडोरा असलेला रिकामा प्लॉट पुरतो. चादरीची दिवा लावलेली बाजू झाडोऱ्याकडे आणि पाठ खांबाकडे ठेवा.

चादर सुतीच हवी, पॉलिएस्टरवर पाय धरत नाहीत. खालची फूटभर कड जमिनीवर पुढे पसरून दगड ठेवा, बारीक पतंग तिथेच उतरतात. आणि तिथेच पोरं पाय देतात, म्हणून दोन फुटांवर सुतळी बांधा. एका वेळी आठ-दहा जण, वीस मिनिटांची पाळी. बूट सगळ्यांना सक्तीचे, पावसाळ्यात मण्यार रात्रीच फिरते.

दोन पाहुणे गोंधळ घालतात. पावसानंतर पंखवाल्या वाळव्या आल्या तर चादर काळी होते. सरळ अर्धा तास दिवा बंद करा. दुसरा पाहुणा त्रासदायक: सात-आठ मिलिमीटरचा, लांबट, नारिंगी-काळा किडा, मधोमध निळसर चमक. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला तर त्यातल्या रसाने एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखे फोड येतात. फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा, डोळ्याला हात नको. हे पाळी सुरू होण्याआधी सांगायचं.

सगळे पतंग दिव्याला भुलतात असं नाही. तीन अतिपिकलेली केळी आणि पाव किलो गूळ कालवून दिवसभर उन्हात आंबवा आणि अंधार पडण्याआधी खोडावर छातीइतक्या उंचीवर फासा. पंखांवर घुबडासारखे डोळे असलेले मोठे पतंग याला येतात. संत्र्यात सोंड खुपसणारेही येऊ शकतात. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यातलं कुणी वडीलधारं असेल तर बोलतं करा. आंबिया बहाराची फळं पिकताना हा पतंग रात्री भोक पाडतो, तिथून सड लागते आणि फळ गळतं. त्याची अळी मात्र संत्र्यावर नसते, ती गुळवेल-वासनवेलीवर वाढते; बागेच्या कडेचे हे वेल काढायला सांगतात ते त्यासाठीच. भंडारा-गडचिरोलीचे असतील तर कोसा, म्हणजे टसर रेशीम, विचारा. येन-अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या अळीच्या कोशातून निघालेल्या त्या पतंगाला खायला तोंडच उरत नाही, हे ऐकून मुलं हमखास गप्प होतात.

(निमंत्रणात नुसतं ‘पतंग’ लिहू नका, लोक मांजा शोधत येतील. ‘रात्रीची पाखरं’ लिहा.)

नोंदीसाठी पतंगाशेजारी आलेख कागदाचा तुकडा धरून वरून सरळ फोटो घ्या, वेळ-ठिकाण टाका आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. नाव कुळापर्यंत पोचलं तरी चालतं. अंदाजाने प्रजाती ठोकून देणं जास्त नुकसानीचं. दाखवायला पारदर्शक डबी, पाच मिनिटं, पंखांना बोट नाही.

छोट्यांसाठी दिवसाचं काम: कण्हेर किंवा सदाफुलीखाली मिरीएवढ्या जाड लेंड्या दिसल्या तर वर बघा. डोक्यामागे निळे डोळे काढल्यासारखी हिरवी अळी सापडेल.

दहाला दिवा बंद करा आणि चादर हलक्या हाताने झुडपावर झटका, जमिनीवर नको. रात्रभर दिवा ठेवलात तर पहाटे कोतवाल आणि बुलबुल पक्षी चादरीवरच्या या ताटावर बसतात, आणि दुसऱ्या रात्री चादर पुन्हा रिकामी.