बेंच नंतर घे, आधी जमीन वापर

अरे, घरी डंबेलचा व्यायाम सुरू केलास म्हणून पहिल्याच महिन्यात झोपून वजनं उचलायचा बेंच घ्यायची घाई करू नकोस. वन बीएचकेत तो ठेवणार कुठे? दोन महिन्यांनी त्यावर धुतलेले कपडे पडतात, स्वानुभव आहे.

छातीसाठी सतरंजी अंथर, उताणा झोप, गुडघे वाकव आणि डंबेल तिथूनच वर ढकल. कोपर जमिनीला टेकलं की हात आणखी खाली जातच नाही. छातीला ताण थोडा कमी मिळतो खरा, पण नवख्या खांद्यांना तेच बरं. कोपर अंगापासून साधारण ४५ अंशांवर ठेव, काटकोनात फाकवू नकोस. खाली आणताना आपटू नकोस. क्षणभर थांब, मग उचल. ८ ते १२ वेळा, असे ३ सेट.

पाठीसाठी एक हात दिवाणाच्या कडेवर टेकव आणि दुसऱ्याने डंबेल कमरेकडे ओढ. वरच्या छातीसाठी पाय दिवाणावर, हात जमिनीवर ठेवून जोर मार. आपल्या तालमींत पैलवान जोर-बैठकांवरच घडले, तिथे कुठे होता बेंच?

प्लॅस्टिकच्या खुर्च्या जोडून त्यावर मात्र झोपू नकोस. माझी एकदा फरशीवर सरकली. डंबेल कानाजवळून गेलं. फरशीचा टवका उडालेला अजून दिसतो.